गावाला मन असते काय?

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम पार पडले की एक वाक्य हमखास कानी येते. 'गावाच्या मनात होते, म्हणून झाले.' काम रखडले, वर्गणी जमली नाही, तर तेच वाक्य उलटे होते. 'गावाचे मनच नव्हते, दुसरे काय!' बोलणाऱ्याला यात काही अलंकारिक बोलतो आहोत असे वाटत नाही. पाऊस पडला, पेरणी झाली, तसेच गावाच्या मनात आले. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर कोडे पडते. मन असते ते माणसाला. गाव म्हणजे घरे, गल्ल्या, विहिरी, शिवार. त्याला मन आले कोठून? ते राहते कोठे, चावडीत, देवळात की पारावर?

हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा नाही. गावाच्या मनाचे नाव घेऊन देवळे उभी राहिली, पूल बांधले गेले, दुष्काळात अन्नछत्रे चालली. आणि गावाच्या मनाचेच नाव घेऊन काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले. ज्या नावाने इतके चांगले आणि इतके वाईट घडते, ते नाव खरे आहे की नुसते बोलाचे, हे पारखून घेणे इष्ट. नव्या देवळाच्या मांडवात ते झाले, तर त्याहून योग्य जागा ती कोणती?

जाणिवेचे कोडे

गावाचे राहू द्या, माणसाचे मन तरी कोणाला पुरते कळले आहे? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतली एकेक पेशी वेगळी घेतली तर ती बिचारी काहीच जाणत नाही. तिला मोगऱ्याचा वास कळत नाही, की दाढदुखी कळत नाही. शेजारणीकडून निरोप आला तर तो पुढे द्यायचा किंवा अडवायचा, एवढेच तिचे काम. मग काहीच न जाणणाऱ्या इतक्या जणी एकत्र आल्यावर सुखदुःख जाणणारा माणूस कसा उभा राहतो? डेव्हिड चामर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९९५ साली याला 'अवघड प्रश्न' असेच नाव दिले. डोळा कसा पाहतो, हात कसा हलतो, आठवण कशी साठते, हे प्रश्न कष्टाचे खरे, पण ते सुटण्यातले आहेत. पाहताना पाहिल्यासारखे 'वाटते' ते का, दुखताना 'दुखते' ते का, हा मात्र खरा अवघड.

थॉमस नागेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली हीच गोष्ट वटवाघळाचे उदाहरण घेऊन सांगितली. जुन्या देवळाच्या शिखरात लटकलेली वटवाघळे कोणी पाहिली नाहीत? ती काळोखात ओरडतात आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. त्यांचे कान, त्यांचे पंख, त्यांचा मेंदू, सारे चिरून तपासता येईल. परंतु वटवाघूळ होऊन उडताना त्या वटवाघळाला कसे वाटते, ते बाहेरून कसे कळावे? आतून वाटणे ही जी गोष्ट आहे, तिलाच जाणीव म्हणावयाचे.

या देशात हा वाद फार जुना. चार्वाकमताचे लोक म्हणत की पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार भूतांवेगळे काही नाही. मद्याच्या घटकांत वेगवेगळी नशा नसते, पण ते एकत्र आंबवले की नशा उपजते, तसेच चैतन्य शरीरात उपजते. सांख्यांनी याच्या अगदी उलट टोक धरले. त्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार ही तिन्ही प्रकृतीची लेकरे आणि म्हणून मुळात जड. जाणणारा साक्षी तो पुरुष, आणि तो निराळा. हे मत प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. मन आणि जड? पण गावाच्या मनाचे कोडे उलगडताना हाच भेद फार उपयोगी पडतो, म्हणून तो ध्यानात ठेवावा. विचार करणे ही एक गोष्ट, आणि जाणवणे ही दुसरी.

चावडी आणि गोधडी

आजच्या शास्त्रज्ञांत जाणिवेविषयी बरीच मते आहेत. त्यांतली दोन ठळक मते गावच्या भाषेत अशी सांगता येतील.

पहिले मत चावडीचे. अमेरिकेतील बर्नार्ड बार्स यांनी १९८८ साली ते मांडले आणि पुढे पॅरिसच्या स्तानिस्लास दहान यांनी ते वाढवले. मेंदूत शेकडो कामे एकाच वेळी आपापल्या कोपऱ्यात चाललेली असतात, जशी गावातल्या घरांत आपापली कामे चालतात. सुताराचे सुताराला ठाऊक, कुंभाराचे कुंभाराला. पण एखादी बातमी चावडीवर आली, तिची दवंडी पिटली गेली, की ती साऱ्या गावाची होते. मग सुतार, कुंभार, गुरव, शाळामास्तर सारे त्या बातमीप्रमाणे आपापले काम जुळवून घेतात. मेंदूत ज्या गोष्टीची अशी दवंडी पिटली जाते तिचीच माणसाला जाणीव होते, बाकीचे सारे नकळत चालते. बार्स यांनी स्वतः रंगभूमीची उपमा दिली आहे. अंधाऱ्या नाट्यगृहात ज्याच्यावर प्रकाशाचा झोत पडतो तेवढेच सर्वांना दिसते. पण चावडीनेही अर्थ तोच निघतो.

दुसरे मत गोधडीचे. इटलीत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे जुलिओ टोनोनी यांनी ते २००४ साली मांडले. चिंध्यांचा ढीग आणि गोधडी यांत कापड तेच असते. फरक असतो तो टाक्यांचा. गोधडीचे एक टोक ओढले की सारी गोधडी ओढली जाते. मेंदूचे भाग एकमेकांशी असे जितके घट्ट विणलेले, तितकी जाणीव अधिक, असे हे मत. याला एक चांगला आधारही आहे. मेंदूतल्या ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. तरीही त्या लहान मेंदूला इजा झाली तर माणसाचा तोल जातो, चाल बिघडते, पण जाणीव शाबूत राहते. कारण तिथल्या पेशी संख्येने पुष्कळ असल्या तरी त्यांची रचना अलग अलग चौकड्यांची आहे. संख्येने जाणीव येत नाही, विणीने येते.

कोणते मत खरे? १९९८ साली चामर्स आणि मेंदूचे शास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी पैज लावली होती. २५ वर्षांत जाणिवेचे मेंदूतील नेमके चिन्ह सापडेल असे कॉख म्हणत होते. २०२३ साली न्यू यॉर्क येथे भर सभेत कॉख यांनी हार मान्य केली. वरील दोन्ही मतांच्या लोकांनी एकत्र येऊन आधी कसोट्या ठरवल्या आणि २५६ माणसांवर प्रयोग केले. त्यांचा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही मतांना काही गोष्टींत दुजोरा मिळाला, काही गोष्टींत दोन्ही मते तोकडी पडली. विरोधी पक्षाच्या माणसाबरोबर बसून कसोटी आधीच ठरवायची आणि निकाल मान्य करायचा, ही रीत मात्र कोणत्याही ग्रामसभेने उचलावी अशी आहे.

चित्त : गावाची आठवण

आता गावाकडे वळू या. वेदान्तात अंतःकरणाची चार अंगे सांगितली आहेत. आठवण धरून ठेवते ते चित्त, 'करू की नको' असा संकल्पविकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, आणि 'हे माझे' म्हणतो तो अहंकार. समाजाला अंतःकरण आहे की नाही हे पाहावयाचे, तर ही चार अंगे एकेक करून शोधावीत.

चित्ताचा पुरावा सर्वांत भक्कम. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्बवाक्स यांनी १९२५ साली सामूहिक स्मृतीवर पुस्तक लिहिले. माणूस एकटा आठवत नाही, घर, जात, धर्म, गाव यांच्या चौकटीतच आठवतो, असे त्यांनी दाखवले. पुढे १९४५ साली नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीत त्यांचा अंत झाला. त्यांचे म्हणणे महाराष्ट्राला वेगळे पटवून देण्याची गरज नाही. बायाबापड्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गात. त्या ओव्या कोणी रचल्या? सासूने सुनेला शिकवल्या, सुनेने त्यांत आपले एक दुःख घातले, लेकीने त्या दुसऱ्या गावी नेल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन येथेच स्थायिक झालेले गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतल्या बायकांनी त्या सांगितल्या. एवढे मोठे काव्य कोणा एकीच्या डोक्यात नव्हते आणि कोणत्याही पोथीत नव्हते. मग ते होते कोठे? त्या साऱ्या जणींच्या मधल्या जागेत होते, असेच म्हणावे लागते.

तुकोबांच्या गाथेची कथा सर्वश्रुत आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, असे भाविक मानतात. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते बुडालेच नाहीत, असे अभ्यासक म्हणतात. खोलवर पाहिले तर दोन्ही बोलण्यांतला मथितार्थ एकच आहे. जे पुष्कळांच्या हृदयात ठेवलेले आहे ते पाण्यात टाकून बुडत नाही.

पण चित्ताला विसरही पडतो आणि त्यात भेसळही होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली नेवासे येथे सिद्ध झाली. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्या पाठात फरक पडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि कोणी तीत आपली ओवी घुसडू नये असे बजावले. जीर्णोद्धार दगडांचा असतो तसा शब्दांचाही असतो, आणि तो केला नाथांनी. मूळ काय ते ओळखायचे, वरचे पुट काढायचे, आणि आपले नाव कोरण्याचा मोह आवरायचा!

जपानात इसे येथे एक देवस्थान आहे. तेथील लाकडी मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात आणि जुने उतरवतात. ही रीत इ. स. ६९० पासूनची. मध्ये युद्धाच्या धामधुमीत शंभराहून अधिक वर्षे ती खंडित झाली होती, पण पुन्हा सुरू झाली. २०१३ साली बासष्टाव्या वेळी मंदिर नवे झाले. त्यातला एकही वासा पुरातन नाही, तरी मंदिर पुरातन आहे. याचे कारण वीस वर्षांच्या अंतरात दडले आहे. तेवढ्या काळात उमेदवार कारागीर मिस्त्री होतो आणि मिस्त्री वृद्ध होतो. म्हाताऱ्या हातातले कसब तरुण हातात उतरते ते बांधताना. नुसते जपून ठेवलेले देऊळ हे शिकवू शकत नाही. माणसाच्या शरीरातही द्रव्य सतत बदलत असते, पण आठवण टिकते. चित्त दगडात नसते, ते पुन्हा पुन्हा करण्यात असते.

मन आणि बुद्धी : गावाचा निश्चय

दुसरे आणि तिसरे अंग जोडीनेच पाहावे. बिनमालकाचा निश्चय कसा होतो हे मधमाश्यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील थॉमस सीली यांनी युरोपीय जातीच्या मधमाश्यांवर अनेक वर्षे संशोधन केले. पोळे फुटून हजारो माश्यांचा थवा झाडाच्या फांदीला लटकतो. त्यातल्या काहीशे टेहळ्या माश्या नवी जागा शोधायला जातात. परत येऊन त्या नाचाच्या खुणांनी जागेची दिशा आणि अंतर सांगतात. जागा जितकी चांगली, तितका नाच अधिक वेळ. दुसरी माशी त्या सांगण्यावर विसंबत नाही, स्वतः जाऊन पाहून येते. निरनिराळ्या पक्षांच्या माश्या एकमेकींना डोके आपटून 'थांब' असेही सांगतात. हळूहळू एका जागेचा पक्ष वाढतो, आणि त्या जागी पुरेशा माश्या जमल्या की सारा थवा उठतो. राणीमाशी यात काही बोलत नाही! माणसाच्या मेंदूत निर्णय होताना पेशींचे गट असेच एकमेकांना उचलतात आणि दाबतात, हे साम्य सीली यांनी आवर्जून दाखवले आहे.

माणसांतले उदाहरण पाहावयाचे तर आषाढी वारीसारखे दुसरे नाही. आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरीस पोचते. लाखो माणसे, पण गोंधळ नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. प्रत्येक दिंडीला आपली जागा, आपले मुक्काम आणि आपली भजनाची मालिका ठाऊक. संध्याकाळी तळावर समाजआरतीला साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदुंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणार्धात शांतता पसरते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतली जाते, निवाडा होतो. हरवले-सापडले ते पुकारले जाते, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मगच आरती.

वर सांगितलेले चावडीचे मत येथे डोळ्यांसमोर उभे राहते. दिवसभर शेकडो दिंड्यांत हजारो गोष्टी घडल्या. त्यांतल्या ज्या साऱ्यांनी जाणाव्यात अशा, त्या एका ठिकाणी एका वेळी पुकारल्या गेल्या. आणि विशेष म्हणजे, ज्याला दुखते आहे त्याचा आवाज ऐकू येण्यासाठी बाकी साऱ्यांनी गप्प व्हायचे, असा येथला नियम. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीस नेल्या. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. दोन वर्षांच्या खंडानंतरही ती सारी रीत जागी झाली. झोपेतून उठलेला माणूस 'मी कोण' हे विसरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अहंकार : 'आमचे' आणि 'तुमचे'

चौथे अंग अहंकार. येथे अहंकार म्हणजे गर्व एवढेच नव्हे, तर 'हे माझे, ते माझे नाही' अशी रेघ ओढणारी शक्ती. ती नसेल तर देह टिकत नाही. गावालाही ती लागते. 'आमचे देऊळ' म्हटल्यावाचून कोणी पावती फाडत नाही. मुंबईला, सुरतेला, दुबईला गेलेला माणूस गावच्या देवळाला पैसे धाडतो ते या रेघेच्या बळावर. तो गावात नाही, पण गाव त्याच्यात आहे.

परंतु ही रेघ गावाच्या अंगावरूनही ओढली गेली, हे विसरता येत नाही. चोखोबा चौदाव्या शतकातले. विठ्ठलाचे एवढे भक्त, पण ते महाद्वाराच्या आत गेले नाहीत. मंगळवेढ्यास भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला आणि समाधी झाली ती पंढरपुरास महाद्वारासमोर. त्यांचे अभंग मात्र आत गायिले गेले. म्हणजे समाजाच्या चित्ताने त्यांना जपले आणि समाजाच्या अहंकाराने त्यांना बाहेर ठेवले! नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. १९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले, आणि मे महिन्यात पंढरपुरास तनपुरेमहाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले. तेव्हा कोठे विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले करण्याचे ठरले.

त्या काळी विरोध करणारे काय म्हणत? 'समाजाचे मन तयार नाही.' हेच ते वाक्य. आणि साने गुरुजी गावोगाव हिंडले ते समाजाचे मन तयार करायलाच. म्हणजे समाजाचे मन ही पर्वतासारखी अचल वस्तू नव्हे. पाय झिजवून आणि उपाशी राहून ते बदलता येते.

साक्षी कोण?

तर चारही अंगे सापडली. समाज आठवतो, डळमळतो, ठरवतो आणि 'माझे' म्हणतो. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९३ सालीच सामूहिक जाणिवेची कल्पना मांडली होती. समाज म्हणजे माणसांची नुसती बेरीज नव्हे, हे त्याचे म्हणणे येथवर तरी खरे ठरते. पण मूळ प्रश्न उरतोच. या साऱ्याच्या आत साक्षी आहे काय? माणसाला वाटते तसे गावाला काही 'वाटते' काय?

तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९७८ साली एक कल्पना मांडली. समजा, साऱ्या चीन देशातल्या माणसांनी मेंदूच्या पेशींसारखे एकमेकांना निरोप द्यायचे ठरवले, तर त्या अवघ्या देशाला मिळून एखादी दाढदुखी होईल काय? कोणालाही हे पटत नाही. चावडीचे मत काटेकोर लावले तर 'का होऊ नये' असे म्हणण्यास जागा राहते. गोधडीचे मत मात्र सांगते की एकात एक गुंफलेल्या रचनांपैकी जिची वीण सर्वांत घट्ट, जाणीव तिचीच. माणसाच्या मेंदूची वीण गावाच्या विणीपेक्षा कितीतरी घट्ट. म्हणून जाणीव माणसाजवळच थांबते, गावापर्यंत चढत नाही.

शास्त्राचा शेवटचा निवाडा व्हायचा आहे. पण व्यवहाराला तोवर थांबता येत नाही, आणि व्यवहारापुरते उत्तर सांख्यांच्या त्या जुन्या भेदात मिळते. मन असणे वेगळे, जाणवणे वेगळे. गावाला अंतःकरण आहे, असे खुशाल म्हणावे. पण गावाच्या अंतःकरणात साक्षी असल्याचा पुरावा नाही, आणि माणसामाणसात तो आहे याविषयी कोणाला शंका नाही. गाव उपाशी राहत नाही, गावातली म्हातारी उपाशी राहते. गावाचा अपमान होत नाही, पायरीवर अडवलेल्या पोराचा होतो. गावाला आनंदही होत नाही. कळस चढताना ज्या हजार माणसांच्या डोळ्यांत पाणी येते, त्या हजारांना तो हजार वेळा होतो.

यावर एक पूर्वपक्ष निघेल. असे म्हटल्याने गावाची किंमत कमी होत नाही काय? नाही. जात्याला भूक लागत नाही म्हणून जात्याची किंमत कमी होत नाही. गावाच्या मनावाचून माणसाला भाषा मिळत नाही, ओवी मिळत नाही, देव सुद्धा मिळत नाही. एकटा वाढलेला माणूस विचार कशाच्या आधारे करणार? गावाचे मन हे भांडे आहे. त्यातले दूध पितो तो मात्र माणूस. भांडे जपावे, घासावे, कल्हई करावी. पण भांड्यासाठी कोणाला उपाशी ठेवू नये.

यातून एक साधी कसोटी हाती येते. 'गावाचे मन असे आहे' असे कोणी म्हणाले, तर दोन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या चावडीवर ठरले आणि तेथे कोण नव्हते? आणि याचे दुखणे कोणाच्या अंगावर पडणार? समाजआरतीचा नियम हाच आहे. जोवर एक टाळ वाजतो आहे, तोवर आरती सुरू होत नाही.

जीर्णोद्धार कशाचा?

देऊळ नवे झाले. देणाऱ्यांनी दिले आणि राबणाऱ्यांनी राबून ते उभे केले. स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातात, ते योग्यच आहे. ते गावाचे चित्त आहे. पण चित्तात केवळ रकमा राहिल्या तर ते हिशेबाचे पुस्तक होईल. ज्या पाथरवटांनी आणि सुतारांनी हात लावला त्यांची नावे राहावीत. ज्या बायांनी विटा वाहिल्या, महाप्रसादाच्या पोळ्या लाटल्या, त्यांची राहावीत. ज्या म्हाताऱ्यांना जात्यावरच्या ओव्या येतात त्यांच्याजवळ शाळेतल्या मुलींना वही घेऊन बसवावे, कारण पिठाची गिरणी आल्यापासून त्या ओव्या गायला कारण उरलेले नाही, आणि जे पुन्हा पुन्हा केले जात नाही ते चित्तातून निघून जाते. मंदिराच्या एका फडताळात अशा वह्या राहतील, तर पुढच्या जीर्णोद्धाराला दगडांबरोबर शब्दही मिळतील.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी, जरी ती लिहिताना हात अडला तरी. जुन्या देवळात कोण कोठवर येत असे आणि कोणाला कोठे थांबावे लागे, तेही पुढच्यांना कळले पाहिजे. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती फरक झाकून नव्हे, प्रती समोरासमोर मांडून. जे गाव आपली चूक आठवते, ते ती पुन्हा करण्याआधी थबकते. माणसाच्या बाबतीत यालाच विवेक म्हणतात, गावाच्या बाबतीत दुसरे नाव शोधण्याचे कारण नाही.

नव्या गाभाऱ्यात देव बसले आहेत. पायऱ्या नव्या आहेत, त्यांवर कोणाच्याही पाउलांच्या खुणा अजून पडलेल्या नाहीत. त्या सर्वांच्या पाउलांनी सारख्या झिजोत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥